धंद्याचे आकडे आणि एआय : कारखानदार सारखे विचारतात ते प्रश्न

पुण्याकडचे भोसरी, चाकण, कोल्हापूरकडचे शिरोली, गोकुळ शिरगाव. वीस ते दीडशे माणसांचे कारखाने. तिथल्या मालकांना हिशेबाचे आणि उत्पादनाचे आकडे लावून द्यायचं माझं काम. गेल्या दोनेक वर्षांत एआयबद्दलचे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर इतके यायला लागले की रोज तेच टाईप करण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. प्रश्न आले तसेच ठेवलेत, नावं तेवढी काढली. टॅली आणि एक्सेल ज्यांच्या हातचा मळ आहे, त्यांनी सरळ प्रश्न ६ पासून वाचलं तरी चालेल.

१. सर, एआय घ्यायचं म्हणजे नक्की काय घ्यायचं?

ती एक वस्तू नाही. एक असतं भाषेचं एआय : चॅटजीपीटी, जेमिनाय, कोपायलट, क्लॉड. पत्र, कोटेशन, ऑडिटच्या शेऱ्याचं उत्तर, ग्राहकाच्या लांबलचक ईमेलचा सारांश, एक्सेलचं सूत्र अशी कामं ते करतं. दुसरं असतं आकड्यांचं आणि चित्रांचं : मागणीचा अंदाज, मशीन बिघडायच्या आधी सूचना, कॅमेऱ्यानं तपासणी. हे दुसरं काही नवीन नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं त्याच्या कितीतरी आधीपासून मोठ्या कारखान्यांत चालू आहे. विकायला येणारा माणूस दोन्ही एकाच पिशवीत घालून आणतो. पहिल्याला महिन्याची वर्गणी पुरते. दुसऱ्याला तुमच्या स्वतःच्या नोंदी लागतात, आणि त्या नसतील तर पैसे मोजूनही हाती काही लागत नाही.

२. आमच्याकडे डेटा वगैरे काही नाही हो. टॅली आहे फक्त.

टॅली म्हणजेच डेटा. शिवाय जीएसटीची विवरणपत्रं, गेटवरचं आवक-जावक रजिस्टर, जॉबवर्कची चलनं, वीजबिलातला पॉवर फॅक्टर, सुपरवायझरच्या डायरीतलं रोजचं उत्पादन, हे सगळं धरा. तुमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद चालू ठेवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. म्हणजे कोणती एन्ट्री महिनाअखेरीला रात्री अकरा वाजता 'दुरुस्त' झाली हेही तुमच्याकडे आहे. बघत कोणी नाही, एवढंच.

३. सुरुवात कुठून करू?

येणे बाकीपासून. कारण तिथला आकडा सुधारला की महिन्याभरात बँकेत दिसतो, आणि मग घरचेही पुढच्या खर्चाला नाही म्हणत नाहीत.

एक उदाहरण. वर्षाची विक्री ६ कोटी, येणे १.५ कोटी. १.५ भागिले ६ गुणिले ३६५, म्हणजे पैसे यायला सरासरी ९१ दिवस. मालक हादरले. पण टॅलीत गिऱ्हाइकाच्या खात्यावरची बाकी जीएसटी धरून असते आणि विक्रीचं खातं जीएसटी सोडून. १८ टक्के जीएसटी काढून पाहिला (१.५ भागिले १.१८) तर येणे १.२७ कोटी आणि दिवस ७७. दोन आठवड्यांचा फरक नुसत्या हिशेबाच्या पद्धतीनं पडला. हेच मी एका एआयला विचारलं होतं, त्यानंही बिनदिक्कत ९१ सांगितलं. जीएसटीची आठवण करून दिल्यावर लगेच ७७. त्याला येत होतं, पण विचारायला कोणीतरी लागलं.

त्यानंतर यादी गिऱ्हाईकवार लावा. एमएसएमईडी कायद्याप्रमाणे (२००६) सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे व्याज मागून मोठं गिऱ्हाईक कोण तोडणार, हे मलाही कळतं. पण वेळेत न दिलेले पैसे वर्षअखेरीसही थकलेलेच राहिले तर गिऱ्हाइकाला आयकरात त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, अशी तरतूद २०२३ च्या वित्त कायद्यानं आली आणि बाजारात '४३बी एच' नावानं ओळखली जाते. व्याजाच्या नोटिशीपेक्षा गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स खात्याला तिची आठवण लवकर पटते. उद्यम प्रमाणपत्राची (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीची) प्रत आणि थकीत बिलांची यादी जोडून सौम्य पत्र पाठवा. ते पत्र एआयकडून लिहून घ्या, तिथे ते खरंच उपयोगी आहे.

४. डेटा 'साफ' करा म्हणता, म्हणजे नेमकं काय करायचं?

एका कारखान्यात २० एमएमची एक पिन आयटम मास्टरमध्ये (संगणकातल्या मालाच्या यादीत) चार नावांनी होती : 'पिन २०', 'पिन २० एमएम', 'पीन-२० मिमी' आणि 'पिन २० (नवीन)'. चौथी नवीन का, तर पहिल्यांदा भरणारा मुलगा सोडून गेला आणि पुढच्याला ती सापडली नाही. एका नावावर साठा उणे, दुसऱ्यावर तीन वर्षं न हललेला. स्टोअरमधल्या मामांना पिना कुठल्या खोक्यात आहेत ते डोळे मिटून माहीत, संगणकाला नाही. साफ करायचं म्हणजे मामांच्या शेजारी दोन दिवस बसायचं आणि चाराचं एक करायचं. हे काम एआय अर्धं करून देतं, सारखी दिसणारी नावं शोधून देतं. पण 'पिन २०' आणि 'पिन २० हार्ड' एकच की वेगळी, हे मामाच सांगणार.

तारखांचंही तसंच. ३/४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे एक्सेल संगणकाच्या सेटिंगवरून ठरवतं आणि तुम्हाला विचारत नाही. ३-१२ असा पार्ट नंबर टाकला की त्याची तारीख करून टाकतं. याच खोडीला कंटाळून शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली. आपण पार्ट नंबरचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवावा.

५. एक्सेल पुरेल का, की ईआरपी घ्यावंच लागेल?

ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याआधी एक्सेल पुष्कळ दिवस पुरतं. मर्यादा तेवढी माहीत हवी. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे जवळपास १६,००० रुग्ण मोजणीतून गळाले, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये भरली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. तुमच्याकडे एवढ्या ओळी होणार नाहीत. पण 'फायनल', 'फायनल २', 'शेठनी बघितलेली फायनल' अशा तीन फाईली होतील, आणि तोच ईआरपीचा विचार करायचा मुहूर्त.

६. टॅलीची अख्खी फाईल चॅटजीपीटीला दिली तर चालेल का?

अख्खी नको. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनीअरांनी प्रोग्रामचा मजकूर चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीला मे महिन्यात असल्या साधनांवर बंदी घालावी लागली. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयानंही जानेवारी २०२५ मध्ये ऑफिसच्या संगणकांवर ती वापरू नका असं आपल्या लोकांना कळवलं होतं.

कारखान्यापुरता माझा नियम सोपा आहे. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग कधीच नाही. गोपनीयतेच्या करारावर सही तुमची आहे, एआयची नाही. कामगारांची नावं, आधार, बँक खाती, पगार नाही. वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं आहे आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी. विक्रीची यादी द्यायचीच असेल तर गिऱ्हाइकांच्या जागी ग१, ग२, ग३ लिहा आणि कोणता ग म्हणजे कोण ही यादी आपल्याकडे ठेवा. विश्लेषणात त्यानं काडीचा फरक पडत नाही. फुकटचं खातं वापरत असाल तर 'माझ्या संभाषणावरून मॉडेल सुधारा' असा खटका सेटिंगमध्ये असतो, तो बंद करा. आणि ऑफिसमधली मुलं स्वतःच्या मोबाईलवर काय टाकतात ते विचारा. रागावून नको, नाहीतर खरं उत्तर मिळणार नाही.

७. तो सांगतो ते आकडे बरोबर असतात का?

भाषेचं एआय पुढचा शब्द कोणता शोभेल ते ठरवत लिहितं. बेरीजही त्यानं तशीच 'शोभेल अशी' केली तर ती चुकू शकते, आणि चुकताना त्याचा आवाज बदलत नाही. नवा अकाउंटंट चुकला की चाचरतो, त्यामुळे आपण ओळखतो. इथे ती सोय नाही.

न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी एआयनं रचलेले, कधी झालेच नाहीत असे खटले कोर्टात दाखले म्हणून दिले. ५,००० डॉलर दंड झाला. ऑस्ट्रेलियात डेलॉइटनं सरकारला दिलेल्या सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालात नसलेले संदर्भ निघाले आणि २०२५ मध्ये फीचा काही भाग परत करावा लागला. एवढ्या मोठ्या फर्मचं असं, तर आपल्या ऑफिसमधल्या एकट्या मुलाचं काय होणार ते ओळखा.

म्हणून त्याला उत्तर मागू नका, सूत्र मागा. एक्सेलमध्ये ते सूत्र स्वतः चालवा. एकूण बेरीज टॅलीच्या ट्रायल बॅलन्सशी (सगळ्या खात्यांच्या बाकींच्या तक्त्याशी) जुळवा. जुळली नाही तर पुढचं वाचूच नका. लाख-कोटी आणि मिलियनच्या फेऱ्यात शून्यं इकडची तिकडे होतात, तिथे दोनदा पाहा. जीएसटीचा दर, एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा जीएसटीतला क्रमांक), विवरणपत्राची शेवटची तारीख या गोष्टी त्याला विचारूच नका. त्या बदलत राहतात, पोर्टलवर पाहा किंवा सीएंना फोन करा.

८. मराठीत विचारलं तर चालतं का? आमच्या सुपरवायझरला इंग्रजी जमत नाही.

चालतं, आणि दर काही महिन्यांनी सुधारलेलं दिसतं. देवनागरी मजकुराला ते आतल्या आत जास्त तुकडे पाडतं, त्यामुळे तेवढ्याच मजकुराला वापराची मर्यादा लवकर संपते. आकडे मात्र आकड्यांतच लिहा. 'पावणेदोन टन', 'साडेसतरा हजार', 'अडीचशे' यांत गफलत झालेली मी पाहिली आहे. सुपरवायझरनं बोलून नोंद केली तरी शेवटी १.७५ टन असं लिहून आलंय ना, ते त्याच्याकडूनच तपासून घ्या.

९. फाउंड्रीत रिजेक्शन कमी करायला एआय कामी येईल का? रात्रपाळीनं वैताग आणलाय.

कोल्हापूरकडून हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. उत्तर लांब आहे, कारण माझंही इथे एकदा चुकलंय.

एका फाउंड्रीचं (ओतकामाच्या कारखान्याचं) बाद मालाचं रजिस्टर मी एआयला दिलं. दिवसपाळीत १,००० कास्टिंगमागे ५० बाद, रात्रपाळीत १,००० मागे ९२ (आकडे समजायला सोपे म्हणून गोल केलेत). त्यानं सांगितलं, रात्रपाळीच्या कामाच्या दर्जाकडे लक्ष द्या. मालकांच्या मनात आधीपासून तेच होतं आणि मीही मान डोलावली. रात्रीच्या मोल्डिंगवाल्यांना बोलावून तासभर सुनावलं गेलं.

त्यांच्यातला एक जुना माणूस जाता जाता म्हणाला, "साहेब, पातळ माल सगळा आमच्याच बोकांडी असतोय, त्याचं काय?"

मग कास्टिंगचा प्रकार हा रकाना घालून तीच यादी पुन्हा मांडली. जाड, सोपा माल : दिवसा ८०० पैकी २४ बाद, म्हणजे ३ टक्के, रात्री २०० पैकी ४, म्हणजे २ टक्के. पातळ, अवघड माल : दिवसा २०० पैकी २६, म्हणजे १३ टक्के, रात्री ८०० पैकी ८८, म्हणजे ११ टक्के. दोन्ही मालांत रात्रपाळी सरस. तरी एकूण बेरजेत तीच वाईट, कारण अवघड माल तिच्याकडे. पातळ माल रात्रीकडे का, तर पूर्वी रात्रीची वीज स्वस्त पडायची म्हणून त्या हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू) रात्री लावल्या जायच्या आणि ती सवय तशीच राहिली. संख्याशास्त्रात या चकव्याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एआयला त्याची व्याख्या तोंडपाठ असते. पण मालाचा प्रकार रजिस्टरात नव्हताच, मग त्याला दिसणार कुठून?

त्या माणसाची माफी मालकांनी मागितली. मीही मागितली, थोडी उशिरा.

आता तिथे प्रत्येक हीटला कास्टिंगचा नंबर, वाळूतला ओलावा, ओततानाचं तापमान, ओतायला लागलेला वेळ आणि दोषाचा प्रकार (ब्लोहोल, श्रिंकेज, वाळू धरणं) एवढं लिहितात. ओलावा तासातासाला मोजतात. आधी सकाळी एकदा मोजून दिवसभर तोच आकडा उतरवला जायचा. अशा नोंदी सहा महिने साठल्या की एआय बरं बोलायला लागतं. तोवर कागदावर दोन पाळ्यांचे तक्ते शेजारी शेजारी लावले तरी पुष्कळ दिसतं.

१०. कॅमेऱ्यानं तपासणी?

पृष्ठभागावरचे दोष, भोक राहून जाणं, चुकीचा पार्ट बसणं यांसाठी चांगली चालते. पैसे कॅमेऱ्यापेक्षा उजेडावर आणि पार्ट धरायच्या फिक्श्चरवर घाला. कूलंटचा (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) थर पुसला नाही तर यंत्र त्यालाच ओरखडा समजतं. आणि बाद माल भंगारात टाकायच्या आधी त्याचे फोटो साठवा. शिकवायला खराब नमुनेच लागतात, आणि ते आपण टाकून दिलेले असतात.

११. पुढच्या तीन महिन्यांची मागणी सांगेल का?

मोठ्या कंपनीच्या शेड्यूलवर तुमचा माल जात असेल तर तुमची मागणी तिच्या परचेस खात्यात ठरते, तुमच्या इतिहासात नाही. तिथे उपयोगाचा आकडा वेगळा : त्यांनी दिलेलं शेड्यूल आणि खरंच उचललेला माल यातला फरक. वर्षभराचा काढा. काही गिऱ्हाइकं कायम २० टक्के जास्त सांगतात, हे एकदा दिसलं की कच्चा माल किती भरायचा ते कळतं.

थेट विक्री असेल तर अंदाज करता येतो. पण महिन्याचे आकडे म्हणजे वर्षाला बाराच. पाच वर्षांचे मिळून साठ. त्यात एप्रिल २०२० ची टाळेबंदी असेल तर तो महिना वेगळा काढायला सांगा, नाहीतर यंत्राला वाटतं दर एप्रिलात धंदा बसतो.

१२. कामगारांवर नजर ठेवायला वापरू का? आणि भरतीला?

सुरक्षेसाठी, म्हणजे प्रेसजवळ हात गेला की मशीन थांबणं, जरूर. कोण किती वेळ बाथरूमला गेला यासाठी नको. ज्या आकड्यावर पगार कापला जातो तो आकडा खरा राहत नाही. मशीन बंद पडल्याची नोंद दंडाला जोडा, पुढच्या महिन्यात मशीन कागदावर बंदच पडणार नाही. मग प्रश्न ९ मधलं सगळं विश्लेषण पाण्यात. युरोपात माल किंवा शाखा असणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या एआयवर तिथे फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळून.

भरतीबद्दल अ‍ॅमेझॉनचा अनुभव पुरे. अर्ज चाळणारं यंत्र त्यांनी दहा वर्षांच्या जुन्या अर्जांवर शिकवलं. अर्जदार बहुतेक पुरुष, म्हणून ते बायकांचे अर्ज खाली ढकलायला लागलं. शेवटी प्रकल्प गुंडाळला, बातमी २०१८ मध्ये बाहेर आली. आपल्याकडे 'ओळखीतून आलेले टिकतात' असा इतिहास शिकवला तर ते ओळखीतलेच निवडत बसेल.

१३. वेबसाइटवरच्या चॅटबॉटनं गिऱ्हाइकाला चुकीचा दर सांगितला तर?

तुम्हीच जबाबदार आहात असं धरून चला. एअर कॅनडाच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. चॅटबॉट स्वतःच्या कृतीला स्वतः जबाबदार आहे, असा बचाव कंपनीनं केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या लवादानं तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. आपला कायदा वेगळा, पण गिऱ्हाईक भांडायला येईल ते तुमच्याच दारात. दर, डिलिव्हरीची तारीख आणि वॉरंटी या तीन गोष्टींवर बॉटनं माणसाचा नंबर द्यावा.

१४. मोठ्या कंपन्यांचे प्रमुख यात वेगळं काय करतात?

जे सावरतात ते बहुधा कागद नीट वाचतात. अ‍ॅमेझॉनमध्ये वरिष्ठांच्या बैठकांत २००४ पासून पॉवरपॉइंट नाही. सहा पानी टिपण बैठकीच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून वाचतात, मग बोलतात. आता ते टिपणही एआयकडून लिहून घ्यायचा मोह होतो. त्यात माझ्या मते सगळा फायदा जातो, कारण लिहिताना जो घोळ लक्षात येतो तो लिहिणाऱ्याच्याच लक्षात येतो.

आपटतात तेही सांगतो. अमेरिकेत झिलो कंपनीनं घरांच्या किमतीच्या संगणकी अंदाजावर हजारो घरं विकत घेतली. अंदाज फसले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो धंदा बंद करायचं जाहीर झालं आणि सुमारे पाव कर्मचारी कमी झाले. किंमत दाखवणं आणि त्या किमतीला स्वतःचे पैसे लावणं, यात मधे कोणीतरी माणूस थांबवायला हवा होता.

१५. मुलगी म्हणते सगळं एआयवर घ्या, बाबा म्हणतात माझा अंदाज पुरे. ऐकू कोणाचं?

हा प्रश्न मला मुलीनंही पाठवलाय, बाबांनीही, आणि एकदा तर दोघांनी एकाच दिवशी. (एकाच घरातले होते. एकमेकांना माहीत नव्हतं.)

एक वही करा. पुढच्या महिन्याची विक्री, कोणतं गिऱ्हाईक पैसे थकवणार, कोणतं मशीन बसणार, असे पाच-सहा अंदाज महिन्याच्या १ तारखेला बाबांनी एका पानावर लिहायचे, मुलीनं यंत्राकडून काढून दुसऱ्या पानावर. घडी घालून स्टेपल करायचं. महिनाअखेरीला उघडायचं. असं सहा महिने.

मी तीन ठिकाणी हे करून पाहिलं. विक्रीच्या आकड्यात यंत्र बहुतेक वेळा जवळ होतं. पैसे कोण थकवणार यात मात्र दोन ठिकाणी बाबा पुढे गेले. एकांना विचारलं कसं कळलं, तर म्हणाले, "त्याचा माणूस हल्ली चहा प्यायला थांबत नाही." हा रकाना टॅलीत नाही. मुलीनं तो दुसऱ्या दिवशी एक्सेलमध्ये घातला : 'भेट, होय/नाही'.

१६. खर्च किती, आणि बंद कधी करायचं?

वर्गणीचा खर्च किरकोळ असतो. खरा खर्च म्हणजे प्रश्न ४ मधले मामांचे दोन दिवस आणि तुमचे आठवड्याचे दोन तास. नवा माणूस ठेवायच्या आधी अकाउंट्समधल्या चौकस मुलाला किंवा मुलीला हे काम द्या. बाहेरून आलेल्याला एक्सेल जास्त येईल, पण 'पिन २० (नवीन)'ची भानगड कळायला वर्ष जाईल.

सुरू करतानाच तारीख आणि आकडा लिहून ठेवा : ३० सप्टेंबरपर्यंत येणे ७७ दिवसांवरून ६५ वर आलं नाही तर थांबायचं. कागद स्वतःच्या खणात ठेवू नका, सीएंकडे द्या. ते विसरत नाहीत, आणि फी लावतात.